सकारात्मक मानसशास्त्राचा अभ्यासगट चालवताना: समितीतल्या स्वयंसेवकांसाठी

अभ्यासगटाच्या समितीत येण्याचं आमंत्रण बहुधा एकाच वाक्यात येतं: "फार काम नसतं हो, महिन्यातून एखादी मीटिंग." बोलणाऱ्यालाही ते खरंच वाटत असतं. हॉल शोधणं, वक्त्याच्या प्रवासाचं बघणं, फॉर्मची लिंक उघडत नाही म्हणून रात्री साडेदहाला आलेल्या मेसेजला उत्तर देणं, चहा पन्नास सांगायचा की सत्तर हे ठरवणं, ही सगळी कामं त्या 'एखाद्या मीटिंग'च्या बाहेरची असतात. ती कुणाच्याच नावावर नसतात, त्यामुळे शेवटी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतात.

हा लेख अशा लोकांसाठी आहे. समुपदेशक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, शाळेत किंवा कंपनीत काम करणारे मानसशास्त्राचे पदवीधर आणि प्राध्यापक मिळून सकारात्मक मानसशास्त्राचा अभ्यासगट चालवतात, आणि त्यातले पाच-सात जण पोटापाण्याचं काम सांभाळून त्याची समिती सांभाळतात. माणसाचं काय बिघडलंय यापेक्षा त्याचं काय चांगलं चालतं, म्हणजे आनंद, स्वभावगुण, आपलेपणा, यांचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे सकारात्मक मानसशास्त्र. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन १९९८ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी या विषयाला जाहीर व्यासपीठ दिलं. २००७ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्याकडे मात्र हा विषय मोठ्या संस्थांपेक्षा छोट्या गटांमधूनच जास्त वाचला आणि बोलला जातो. म्हणूनच हे गट नीट चालायला हवेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं: समिती उत्साहाच्या जोरावर सुरू होते, पण पुढे चालते ती कामाच्या मर्यादा लिहून ठेवल्या असतील तर. या विषयाच्या गटाला एक जास्तीची अडचण असते. 'पॉझिटिव्ह राहा' हे वाक्य इथे तक्रार दाबायला फार सहज वापरलं जातं. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

पहिली पायरी: गट कुणाचा, ते ठरवा

तीन शक्यता असतात. एक, गट एखाद्या व्यावसायिक संघटनेचा किंवा महाविद्यालयाचा भाग असतो. दोन, तो निव्वळ मित्रमंडळींचा असतो, कागदावर काहीच नसतं. तीन, तो स्वतंत्र नोंदणीकृत संस्था असतो.

नोंदणीची घाई करू नका. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. तिथून पुढे दरवर्षी हिशेब तपासून घेणं आलं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं दिलेलेच नाहीत, कागदोपत्री विश्वस्त अजून जुनेच आहेत, त्यातले दोघे गाव सोडून गेलेत, ही कहाणी महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांची आहे. महिन्याला एक व्याख्यान आणि दोन महिन्यांनी एक वाचनगट एवढ्यासाठी हा व्याप कशाला?

जमेल तिथे मोठ्या संस्थेच्या छत्राखाली राहावं. पण त्या संस्थेशी चार गोष्टी लेखी ठरवून घ्या: पैसे कुणाच्या खात्यात जमा होतील, खर्चाला मंजुरी कोण देईल, गटाच्या नावाने पत्रक काढायचा अधिकार कुणाला, आणि भांडण झालं तर शेवटचा शब्द कुणाचा. एका पानात मावतं. तोंडी ठरलेलं असेल तर संस्थेचे अध्यक्ष बदलल्यावर "आम्हाला असं काही सांगितलं नव्हतं" हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं.

दुसरी पायरी: किती जण आणि कोणतं काम

पाच ते सात. त्याहून जास्त नको. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने शंभरेक वर्षांपूर्वी दोर ओढायला लावून दाखवलं होतं की माणसं वाढवली की एकूण जोर वाढतो, पण दर माणशी जोर घटत जातो. पंधरा जणांच्या समितीत नेमकं हेच दिसतं. सगळे 'आहोत आम्ही' म्हणतात आणि सतरंज्या उचलायला तिघंच उरतात.

अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार ही नावं द्या किंवा देऊ नका, पण पाच कामं माणसांना नेमून द्या. बैठका बोलावणं आणि इतिवृत्त. पैसे. कार्यक्रमाची जुळवाजुळव. सभासदांशी संपर्क. आणि पाचवं, बहुतेक गटांत नसतंच असं काम: मजकुराची तपासणी. गटाच्या नावाने जे पत्रक, पोस्ट किंवा व्याख्यानाचा विषय बाहेर जातो त्यातला दावा संशोधनाच्या आधाराने टिकतो का, हे आधी वाचून बघणारी एक व्यक्ती. ती समितीत सर्वात ज्येष्ठ असण्याची गरज नाही. संशोधन-लेख वाचता येणं आणि "सर, हे असं म्हणता येणार नाही" असं बोलायची तयारी असणं पुरेसं आहे.

प्रत्येक कामाचा एक कागद करा. त्यात काय करायचं हे असावंच, पण काय करायचं नाही हेही असावं. सभासद-संपर्क बघणाऱ्याच्या कागदावर उदाहरणार्थ असं लिहिता येईल:

"दर महिन्याला नवीन सभासदांची नावं यादीत घालणे. कार्यक्रमाची सूचना सात दिवस आधी आणि एक दिवस आधी पाठवणे. प्रश्नांना दोन दिवसांत उत्तर देणे. महिन्याला साधारण चार तास. रात्री नऊनंतर उत्तर देण्याची अपेक्षा नाही. वर्गणी मागणे हे काम खजिनदाराचे. मुदत: दोन वर्षे."

शेवटचे दोन शब्द सर्वात महत्त्वाचे. मुदत नसेल तर बाहेर पडणाऱ्याला कारण शोधावं लागतं, आणि ते कारण बहुतेकदा आजारपण किंवा रुसवा असतं.

तिसरी पायरी: माणसं निवडताना एक प्रश्न विचारा

"तुम्हाला यातून काय हवंय?" हा प्रश्न आपल्याकडे विचारायला संकोच वाटतो. समाजकार्य म्हटल्यावर काही हवं असणं कमीपणाचं मानतात. पण क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्वयंसेवकांच्या प्रेरणा मोजण्यासाठी जी प्रश्नावली मांडली, तिच्यात सहा हेतू आहेत: मूल्यं, शिकणं, करिअर, ओळखीपाळखी, स्वतःबद्दल बरं वाटणं आणि मनातल्या नकोशा भावनांपासून थोडी सुटका. एकाच माणसात यातले दोन-तीन सहज असतात, आणि त्यातला कुठलाच लाज वाटण्यासारखा नाही.

उपयोग असा की काम त्याप्रमाणे देता येतं. एमए करून नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुलीला ओळखी हव्या असतील, तर तिला वक्त्यांशी बोलायचं काम द्या. मागे बसून पावत्या फाडायला लावलं तर ती सहा महिन्यांत जाईल, आणि तिचं काही चुकणार नाही. निवृत्त प्राध्यापकांना तरुणांशी बोलायचं असतं. त्यांना वाचनगट द्या, हिशेबाची वही देऊ नका.

इथे आपल्या विषयाचा एक मोह असतो. पीटरसन आणि सेलिग्मन यांनी २००४ साली मांडलेल्या २४ स्वभावगुणांची चाचणी ऑनलाइन फुकट मिळते. ती सगळ्यांनी भरायची आणि निकालावरून पदं वाटायची, अशी टूम निघते. गप्पांना विषय म्हणून चाचणी चांगली आहे, पण पदवाटपाला ती वापरू नये. ज्याच्या यादीत 'विनोदबुद्धी' वर आली त्याला सूत्रसंचालन आवडतंच असं नाही, आणि 'चिकाटी' वर आलेल्या माणसावर कंटाळवाणी कामं लादायचा परवाना तर आपल्याला मुळीच मिळत नाही. त्याला सरळ विचारा.

अजून एक गोष्ट बघा. इतिवृत्त, चहा, हार-तुरे, फोन लावणं ही कामं समितीतल्या सर्वात तरुण बाईकडे कशी जातात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. "तुझं अक्षर छान आहे" एवढ्यावर ती गळ्यात पडतात. ही कामं पाळीपाळीने सगळ्यांकडे फिरवा. अध्यक्षांचीही पाळी लावा.

चौथी पायरी: बैठक आणि तिचं इतिवृत्त

बैठक सव्वा तासाची ठेवा. विषयपत्रिका तीन दिवस आधी पाठवा आणि प्रत्येक विषयापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: माहिती, चर्चा, निर्णय. माहितीच्या गोष्टी बैठकीत वाचून दाखवू नका, मेसेजमध्ये पाठवा. निर्णयाचे विषय आधी घ्या, कारण पाऊण तासानंतर कुणाला तरी क्लायंटचा फोन येतोच.

बहुतेक गट इतिवृत्तातच घसरतात. नेहमीचा नमुना असा:

"दिवाळीनंतर मानसिक लवचीकता या विषयावर कार्यशाळा घेण्याचे सर्वानुमते ठरले. सर्वांनी सहकार्य करावे."

या दोन वाक्यांत कुणालाच काही करायचं नाही. तेच असं लिहा:

"नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी शाळा-समुपदेशकांसाठी तीन तासांची कार्यशाळा. वक्त्यांना विचारणे: कार्यक्रम-प्रमुख, १० तारखेपर्यंत. हॉलचे भाडे विचारून कळवणे: खजिनदार, १२ तारखेपर्यंत. विषयाचे टिपण वाचून अभिप्राय: तपासणी-प्रमुख, वक्त्यांचा होकार आल्यापासून आठ दिवसांत. वक्त्यांनी नकार दिल्यास कार्यशाळा जानेवारीत ढकलणे, बैठक पुन्हा बोलावू नये."

शेवटचं वाक्य खूप वेळ वाचवतं. निर्णय घेतानाच 'हे जमलं नाही तर काय' हे लिहून ठेवलं, की मधल्या काळात व्हॉट्सॲपवर पुन्हा तीच चर्चा सुरू होत नाही.

मतभेद झाले तर 'सर्वानुमते' लिहू नका. कोण विरोधात होतं आणि का, हे एका ओळीत लिहा. सकारात्मक मानसशास्त्राच्या गटात विरोधी मत नोंदवायला लोक विशेष कचरतात. आपण वातावरण बिघडवतोय असं त्यांना वाटतं. म्हणून वादाच्या विषयावर बोलण्याआधी प्रत्येकाने दोन मिनिटं आपलं मत चिठ्ठीवर लिहावं आणि मग वाचावं. ज्येष्ठ सर आधी बोलले, की बाकीच्यांची मतं आपोआप त्यांच्यासारखी व्हायला लागतात. चिठ्ठीमुळे ते टळतं. सरांनी सगळ्यात शेवटी बोलावं हा त्याहून सोपा उपाय, पण तो सरांनी मान्य केला तर.

पाचवी पायरी: कार्यक्रम निवडताना

सकारात्मक मानसशास्त्राच्या नावाखाली हॉल भरायला अजिबात कष्ट पडत नाहीत. 'आनंदी जीवनाची गुरुकिल्ली' असं पत्रक काढलं की लोक येतात. म्हणूनच समितीची खरी परीक्षा गर्दीच्या आकड्यात नसते. व्यावसायिकांचा गट आणि प्रेरणादायी भाषणांचं मंडळ यांत फरक असायला हवा, आणि तो फरक राखणं समितीच्याच हातात असतं.

एक प्रकरण समितीतल्या प्रत्येकाला माहीत असावं. २००५ साली फ्रेडरिक्सन आणि लोसाडा या संशोधकांनी एक प्रमाण मांडलं: चांगल्या भावनांचं वाईट भावनांशी प्रमाण २.९०१३च्या वर असेल तर माणूस बहरतो. दशांश चिन्हापुढे चार आकडे! हे प्रमाण जगभरच्या कार्यशाळांत सांगितलं गेलं. मग ईस्ट लंडन विद्यापीठात याच विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेणारा, वयाने मोठा असलेला निक ब्राउन नावाचा विद्यार्थी त्यातल्या गणितावर अडला. त्याने भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांच्याबरोबर २०१३ मध्ये लेख लिहून दाखवून दिलं की ते गणित द्रवांच्या प्रवाहाची समीकरणं उचलून इथे लावलेलं होतं आणि त्याला काही आधार नव्हता. मूळ लेखातला गणिती भाग त्याच वर्षी मागे घेतला गेला. तरीही 'तीनास एक'ची स्लाइड आजही फिरते. तुमच्या वक्त्याच्या सादरीकरणातही ती असू शकते.

म्हणून वक्ता ठरवताना तपासणी करणाऱ्याने पाच प्रश्न विचारावेत. दावा कुठल्या अभ्यासावर आधारलेला आहे? तो अभ्यास कुणावर केला होता? परिणाम केवढा होता आणि किती काळ टिकला? पुन्हा कुणी तपासलं तेव्हा काय निघालं? कुणाला याचा त्रास होऊ शकतो?

उदाहरण घेऊ. 'रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा' हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या अभ्यासात एक आठवडा हे केलेल्यांना सहा महिन्यांनंतरही थोडं बरं वाटत असल्याचं दिसलं. पण सहभागी लोक सेलिग्मन यांच्याच संकेतस्थळावर स्वतःहून आलेले होते, म्हणजे आनंद वाढवायची इच्छा त्यांना आधीपासून होती. पुढे व्हाइट, उट्ल आणि होल्डर यांनी २०१९ मध्ये अशा उपायांवरच्या आधीच्या एकत्रित विश्लेषणांची (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांची) फेरतपासणी केली, तेव्हा परिणाम आधी सांगितले होते त्यापेक्षा बरेच लहान निघाले. याचा अर्थ उपाय टाकाऊ आहे असा होत नाही. पत्रकात "नैराश्यावर खात्रीशीर उपाय" लिहिता येत नाही एवढाच अर्थ. "काही लोकांना थोडा उपयोग होतो, करून बघायला हरकत नाही" असं लिहिलं तर हॉल थोडा रिकामा राहील. राहू दे.

विषय आपल्या मातीतलेही घ्या. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. बरी झालेली माणसं नव्याने आलेल्यांना धीर देतात, याला आपल्या विषयात काय म्हणायचं यावर एक संध्याकाळ सहज जाईल. मानसशास्त्रज्ञ आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेली ज्ञान प्रबोधिनी ही शिक्षणसंस्था, ठाण्याची १९९० पासूनची मानसिक आरोग्याचं काम करणारी आयपीएच, ही कामं सकारात्मक मानसशास्त्र हे नाव प्रचारात येण्याआधीची आहेत. कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती (त्रासदायक भावनांमागचे विचार तपासून बदलण्याची) मराठी वाचकांच्या ओळखीची झाली, त्यामुळे आपला श्रोता "यात नवीन काय?" असं विचारतो. त्या प्रश्नावर चर्चासत्र ठेवा. सरकारी प्रयोगही आहेत: मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला, दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून हॅपीनेस अभ्यासक्रम आला. टीका करायला आणि शिकायला दोन्हींत भरपूर आहे.

मानधनाचं आधीच बोला. "तुम्ही आपलेच आहात" म्हणून तज्ज्ञाचा अर्धा दिवस फुकट घेऊ नये. देता येत नसेल तर फोनवरच तसं सांगा, प्रवासखर्च तरी द्या.

सहावी पायरी: जिथे पाय घसरतो

पहिली गोष्ट, समितीतल्यांचे हितसंबंध. आपल्यातले बरेच जण स्वतःच्या कार्यशाळा घेतात, कोचिंगची पॅकेजेस विकतात. त्यात गैर काही नाही. पण गटाच्या कार्यक्रमाच्या शेवटी "माझा आठ आठवड्यांचा कोर्स आहे, इच्छुकांनी नंबर द्या" असं झालं की गटाची अब्रू गेली. दरवर्षी पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपण काय विकतो ते एका कागदावर लिहून द्यावं, आणि त्या विषयाच्या निर्णयात भाग घेऊ नये. सभासदांच्या फोन नंबरांची यादी गटाच्या कामाशिवाय वापरू नये. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भर संमतीवर आहे. तेव्हा नोंदणीच्या फॉर्मवरच नंबर कशासाठी घेतोय ते मराठीत लिहा आणि तेवढ्यासाठीच वापरा.

दुसरी, पदव्या. पत्रकावर कुणाच्या नावापुढे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' छापण्याआधी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. विचारायला संकोच वाटला, तरी विचारा. बाकीच्यांच्या नावापुढे त्यांची पदवी आणि काम जसं आहे तसं लिहा. 'माइंड कोच' छापायची गरज नाही.

तिसरी, सदस्यांच्या केसेस. चर्चेत क्लायंटचं नाव येत नाही, पण "आमच्या सोसायटीतल्या एका बँक मॅनेजरची मुलगी" असं म्हटलं की छोट्या शहरात कळायचं ते कळतंच. वय, व्यवसाय, गाव बदलून सांगायचा नियम करा आणि व्हॉट्सॲपवर केसची चर्चा पूर्ण बंद ठेवा.

चौथी, संकट. कार्यक्रमानंतर किंवा मेसेजमधून कुणी "जगावंसं वाटत नाही" असं सांगतं. अशा वेळी समितीतला माणूस उपचार करणारा नसतो, दुवा असतो. त्या माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या कुणाला तरी बोलावून घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन-सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. आपल्या शहरातल्या दोन-तीन मानसोपचारतज्ज्ञांचे नंबर त्यांना विचारून एका कागदावर लिहा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तो कागद नोंदणीच्या टेबलावर असू द्या. 'कृतज्ञता लिहून बघा' हा सल्ला अशा माणसाला कुणीही द्यायचा नाही.

सातवी पायरी: पैसे

यावर थोडक्यात. वर्गणी कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, 'फक्त यावेळेपुरतं' म्हणूनही नाही. दर रकमेला पावती द्या, दर खर्चाला बिल ठेवा. ठराविक रकमेवरच्या खर्चाला दोघांची मंजुरी लागेल असं ठरवा. तीन महिन्यांनी जमाखर्च एका पानावर सगळ्या सभासदांना पाठवा. स्वयंसेवकाने खिशातून केलेला खर्च पंधरा दिवसांत परत द्या. "असू दे हो" म्हणणाऱ्यालाही द्या. त्याच्या 'असू दे'मुळे पुढच्या वर्षी हे काम ज्याला परवडतं त्यालाच करता येईल, अशी पद्धत पडते.

आठवी पायरी: समितीतल्या माणसांना जपणं

आनंदावर व्याख्यानं ठेवणाऱ्या समितीतले लोक थकून, न बोलता निघून जातात हे बघायला फार लांब जावं लागत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक यांनी व्यावसायिक दमणुकीच्या तीन खुणा सांगितल्या: भावनिक थकवा, माणसांबद्दल कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. समितीत त्या कशा दिसतात? मेसेज वाचला जातो पण उत्तर येत नाही. "या लोकांना कितीही करा" असं वाक्य ऐकू येतं. कार्यक्रम छान झाला तरी करणाऱ्याला काही वाटत नाही. गणपती मंडळाचे कार्यकर्ते अकरा दिवस राबतात आणि मग वर्षभर विश्रांती घेतात. अभ्यासगटाला विसर्जनच नसतं, म्हणून सुट्टी ठरवून घ्यावी लागते. मे महिना आणि दिवाळीचे पंधरा दिवस काही नाही, असं वर्षाच्या कॅलेंडरवर आधीच लिहा.

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचा सिद्धान्त सांगतो की माणसाला कामात स्वतःचा निर्णय, जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा या तीन गोष्टी लागतात. समितीत तिसऱ्याची कमतरता नसते, भेळ-चहा भरपूर होतो. कमी पडतो तो पहिला. काम दिलं की ते कसं करायचं हेही ठरवू द्या. पत्रकाचा रंग अध्यक्षांना विचारून ठरत असेल तर पत्रक करणारा फार काळ टिकत नाही.

आभार मानताना नेमकं बोला. "सर्वांच्या अथक परिश्रमांमुळे" हे वाक्य ऐकून कुणालाच काही वाटत नाही. "फॉर्म मराठीत केलास म्हणून या वेळी अंगणवाडीच्या ताई आल्या" हे वाक्य लक्षात राहतं. बक्षिसांबाबत जपून. १९७३ साली लेपर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना आधी बक्षिसाचं आमिष दाखवलं, तर नंतर त्यांचा चित्रांतला रस कमी होतो. न सांगता दिलेल्या बक्षिसाने तसं झालं नाही. त्यावरून स्वयंसेवकांबद्दल मोठा निष्कर्ष काढू नये, पण 'वर्षातील सर्वोत्तम कार्यकर्ता' असली स्पर्धा लावण्याआधी विचार जरूर करावा. अनुभवाचं पत्र मात्र मागेल त्याला लगेच द्या, त्यात काय काम केलं ते लिहून. तरुणांना त्याचा खरा उपयोग होतो.

आता सुरुवातीला म्हटलं त्या अडचणीकडे येऊ. कार्यक्रमानंतर एक तरुण सहकारी म्हणते, "मॅडम, या वेळी सगळं माझ्यावर आलं." याला बहुतेकदा उत्तर येतं, "अगं, पण कार्यक्रम किती सुंदर झाला बघ! आपण चांगल्याकडे बघायचं." उत्तर प्रेमाने दिलेलं असतं, पण ती पुढच्या वेळी सांगणार नाही, सरळ येणंच बंद करेल. त्याऐवजी मॅडमनी विचारावं, "काय काय आलं तुझ्यावर? सांग, लिहून घेते." मग यादी करावी आणि पुढच्या बैठकीत ती पहिला विषय म्हणून घ्यावी. कुणाची चूक ठरवायला बसायचं नाही, कुठलं काम कुणाच्याच कागदावर नव्हतं तेवढं बघायचं. दोन-तीन वेळा असं झालं की कागदच सुधारतात.

दर सहा महिन्यांनी प्रत्येकाशी अध्यक्षांनी दहा मिनिटं फोनवर बोलावं. तीनच प्रश्न: काय चालू ठेवायचंय, काय सोडायचंय, मुदत संपेपर्यंत थांबणार आहात का? त्यांना सुखसमाधानाच्या प्रश्नावल्या भरायला देऊ नका. सहकाऱ्याचं गुणांकन करून त्याची काळजी घेतली असं होत नाही, आणि ते आकडे कुठे ठेवायचे हा नवाच प्रश्न उभा राहतो.

नववी पायरी: काम सोपवून जाणं

सगळ्यांची मुदत एकाच वर्षी संपू देऊ नका. पहिल्या वेळी निम्म्यांना एक वर्ष आणि निम्म्यांना दोन वर्षं द्या, मग दरवर्षी निम्मी माणसं बदलत राहतील. नवी माणसं निवडणुकीने घ्या किंवा सर्वसाधारण सभेत विचारून घ्या, पण समितीनेच आपली माणसं आत ओढू नयेत. सूचक आणि अनुमोदक कोण हे नोंदवा.

गटाचा ईमेल गटाच्या नावाने असावा, कार्यवाहांच्या नावाने नको. फॉर्म, सभासदांची यादी, जुनी इतिवृत्तं, हॉलवाल्याचा नंबर, कुठल्या वक्त्याला माइक लागतो आणि कोण वेळ पाळत नाही, हे सगळं एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवा. जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर एक कार्यक्रम जोडीने करावा. त्यानंतर पासवर्ड बदलायचे, बँकेतल्या सह्या बदलायच्या, आणि जाणाऱ्याने समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून खरंच बाहेर पडायचं. "मी असते ग्रुपवर, काही लागलं तर" हे मायेपोटी म्हटलं जातं, पण नवीन माणूस प्रत्येक निर्णयाआधी तिकडे बघत राहतो. लागलं तर फोन करता येतो.

नवे लोक मिळतच नसतील तर? मग कार्यक्रम कमी करा: वर्षाला बारावरून चार, तेही जमेनात तर फक्त वाचनगट. तरीही जागा भरत नसतील तर गट बंद करायचा ठराव मांडा. सभासदांना तीस दिवस आधी कळवा, उरलेली रक्कम कुठल्या कामाला द्यायची ते सभेत ठरवा, सभासदांची यादी पुसून टाका, इतिवृत्तं छत्र देणाऱ्या संस्थेकडे द्या आणि शेवटचा जमाखर्च सगळ्यांना पाठवा. तो पाठवताना खजिनदाराने हॉलची अनामत परत आली आहे ना, तेवढं बघून घ्यावं.